माझ्या हातचं घर

श्रावण अर्धा सरला की म्हापशाच्या बाजारात चुन्याचा आणि टर्पेंटाइनचा वास सुटतो. शुक्रवारी भाजीच्या ढिगांशेजारी ब्रशांच्या जुड्या मांडलेल्या दिसतात. बसस्टँडवर पेडण्याची नि डिचोलीची माणसं एका हातात चिबूड आणि दुसऱ्या हातात रंगाचा डबा घेऊन उभी असतात. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, पंधरा दिवसांवर आलेली असते. पावसानं ओल धरलेल्या भिंती ज्याला त्याला खायला उठतात आणि एरवी खिळा ठोकायला सुतार बोलावणारा माणूसही शर्ट काढून, डोक्याला टॉवेल गुंडाळून शिडीवर चढतो. हौसेचे दिवस म्हणतात लोक. मला ह्या दिवसांत काही सुचत नाही, मी उगाच कुणावर तरी खेकसतो आणि बायको म्हणते, "आयलो तुमचो रंगाचो ताप."

ताप रंगाचा नाही, हे तिला मी सांगितलं नव्हतं. तिला मी जे सांगितलं होतं ते वेगळंच होतं. पार्श्याचं, म्हणजे गावचं, आमचं घर मी एकट्यानं, खोलीमागून खोली, स्वतःच्या हातांनी नीट केलं, असं मी तिला लग्न ठरायच्या आधीच सांगून टाकलं होतं. तिच्या वडिलांनाही सांगितलं होतं. ते खूश झाले होते. मास्तर असून हाताला काम आहे, म्हणाले.

गोवा राज्य झालं त्या वर्षाची ही गोष्ट. मी डिचोलीच्या एका शाळेत मराठी शिकवत होतो, अठ्ठावीस वर्षांचा होतो आणि मला सगळं येत होतं. त्या दिवसांत आमच्या स्टाफरूममध्ये भाषेवरून रोज वाद व्हायचा. मी मराठीच्या बाजूनं तावातावानं भांडायचो आणि भांडायचो कोंकणीत. ह्यात काही विनोद आहे असं तेव्हा वाटलं नाही. आपलं राज्य, आपली माणसं, आपणच आपलं घर उभं करायचं, असं जो तो बोलत होता. भायले, बाहेरचे, किती आले, आतां आणखी किती येतील, हेही जो तो बोलत होता. मी दोन्ही बोलत होतो. माझ्या आवाजाला धार होती, आणि मुलांसमोर उभं राहून ती आणखी चढली होती.

घर म्हणजे वाडा वगैरे काही नाही. चार खोल्या, पुढे सोपो, मागे न्हाणी, वर नळ्यांचं, कौलारू छप्पर. आईवडील जाऊन वर्षं झाली होती. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, काजू आणि माड बघायचा, वहिनी घर बघायची आणि मी शनिवारी दुपारच्या बसनं येऊन दोघांना शिकवायचो. मे महिन्याच्या सुट्टीत मी म्हापशाहून घरदुरुस्तीचं एक पुस्तक आणलं. त्यात बाणांसकट आकृत्या होत्या. एक थापी, एक ओळंबा, एक रंधा विकत घेतला. आणि राज्य झाल्याच्या बातम्या रेडिओवर चालू असताना वहिनीच्या स्वयंपाकघराची शेणानं सारवलेली जमीन मी कुदळीनं उकरून काढली.

ती म्हणाली होती, "भावजी, पावसाळो तोंडार आसा. फुडल्या वर्सा करूंया."

मी तिला पुस्तकातली आकृती दाखवली.

सिमेंटची लाल जमीन घालायला मला नऊ दिवस लागले. पाठ धरली, गुडघे सोलले, नखांत सिमेंट बसलं. मला ते सगळं फार आवडलं, हे कबूल करतो. दहाव्या दिवशी वहिनीनं कळशी कलंडून जमीन धुतली आणि ओरडली, "भावजी, उदक चुलीकडेन धांवता मरे!" पाणी मोरीकडे जायचं सोडून सरळ चुलीत गेलं. उतार उलटा झाला होता. मधोमध एक तडाही गेला होता, आणि तो रोज वाढत होता. सुट्टी संपली, शाळा सुरू झाली आणि मी डिचोलीला निघून गेलो. वहिनी पावसात मागच्या पडवीत तीन दगड मांडून जेवण रांधत राहिली. एक शब्द बोलली नाही. त्यामुळे मला तिचाच राग यायचा.

भरमू मला त्याच आठवड्यात भेटला. शाळेच्या मागं एक इमारत उठत होती, तिथं तो गिलावा करायचा. मधल्या सुट्टीत मी खिडकीत उभा राहून बघायचो. थापीतून निघालेला चुना भिंतीवर जिथं जायला हवा तिथंच जायचा, आणि त्याच्या पायाशी सांडलेलं काही नसायचं. माझ्या पायाशी अर्धं पोतं सांडलेलं असायचं. एक दिवस मी खाली गेलो आणि बोलता बोलता उताराचं विचारलं. त्यानं हसू दाबलं.

"दोरी बांदली नव्हती का, मास्तर?"

पुस्तकात दोरीचं होतं. ते पान मी घाईत उलटलं होतं.

तो बेळगावकडचा. दोन वर्षं शिरगावच्या खाणीवर माल भरत होता. पावसात खाणीचं काम थंडावलं म्हणून हाताला असलेला मूळ धंदा, गवंडीकाम, पुन्हा धरला होता. पाऊस सरला की परत खाणीवर जायचं, पण बायको जाऊ देत नव्हती. खरं म्हणजे तिचा खोकला जाऊ देत नव्हता. शिरगावला त्यांची झोपडी रस्त्याला लागून होती, दिवसभर ट्रक धावायचे, घरातल्या भातालाही लाल धूळ असायची. "खाणीवर परत जायाचं न्हाई ओ मास्तर," तो म्हणाला. "हिचा खोकला ऐकवत न्हाई. एकाद्या गावात बूड टेकाय मिळालं तर बगतोय."

मी लगेच म्हणालो, "पार्श्याला चल. आमच्या वाड्यावर, सगळ्या वस्तीत, गवंडी नाही. माझं घर झालं की दहा घरं मिळतील तुला. मी सांगतो ना लोकांना."

मला कुणी असं काही सांगायला सांगितलं नव्हतं. पण मी मास्तर होतो, आणि मास्तरच्या शब्दाला गावात वजन आहे हे मला ठाऊक होतं. भरमूनं इमारतीचं काम सोडलं. आमच्या काजूच्या बागेत राखणीची एक खोप होती, तिथं तो नि त्याची बायको लक्ष्मी येऊन राहिली. महिन्याभरात तिचा खोकला उतरला. वहिनी सांगायची, ती दिवसभर बागेत गाणं म्हणत असते.

आमच्याकडे घाटावरून आलेल्या माणसाला घाटी म्हणतात. म्हणणाऱ्याला त्यात काही वाटत नाही आणि ऐकणाऱ्याला काय वाटतं हे विचारायची पद्धत नाही. गावात त्याला भरमू म्हणणारी फक्त वहिनी होती. दादा घाटी म्हणायचा, शेजारचे पुंडलीककाका घाटी म्हणायचे. मी तोंडावर भरमू म्हणायचो आणि पाठीमागे घाटी.

सोमवार ते शुक्रवार मी डिचोलीत असायचो. तेवढ्या दिवसांत त्यानं माझी जमीन फोडली, दोरी बांधून नवी घातली, घोटली. अशी घोटली की वाकून पाहिलं तर जनेलाचे, म्हणजे खिडकीचे, गज तिच्यात दिसायचे. मी शनिवारी आलो, रविवारी सकाळी बसून कोपऱ्यातला हातभर तुकडा मेणबत्तीनं चोळला, आणि दुपारी पुंडलीककाका आले तेव्हा माझे हात मेणानं माखलेले होते.

"बाळू, तुवें स्वताच्या हातान केलें हें?"

"व्हय," मी म्हणालो.

भरमू मागच्या दाराशी घमेलं धूत होता. त्याला ऐकू गेलं असणार. तो घमेलं घासत राहिला. मला वाटलं, त्याला काय फरक पडतो, त्याला काम मिळाल्याशी काम. मग न्हाणी झाली, तीही माझ्या हातची. सोप्याचा कट्टा झाला, तोही माझ्या हातचा. खोटं बोलायला पहिल्यांदा जी जीभ अडखळते ती दुसऱ्यांदा अडखळत नाही, आणि तिसऱ्या वेळी तर मला खरंच वाटायला लागलं होतं की कट्टा मीच बांधला. आज लिहितानाही त्या कट्ट्यासाठी चिरे उचलल्याची आठवण माझ्या हातांना आहे. ती खरी नाही. मी फक्त एक चिरा उचलला होता, आणि तो पायावर पाडून घेतला होता.

असं खोटं अंगी लागलं की माणूस एक दिवस खरोखरच काम करायला घेतो. मधली खोली राहिली होती. तिथं आमचा गणपती बसतो. छपराच्या नळ्यांतून देवावर धूळ पडते, उंदीर धावतात, म्हणून तिला प्लायवूडचं सीलिंग करायचं मी ठरवलं. म्हापशाला एका सहकाऱ्याच्या घरी मी तसं पाहिलं होतं; पांढरं, गुळगुळीत, शहरी. आणि हे मी स्वतः करणार होतो. भरमूनं फक्त खाली उभं राहून रिपा द्यायच्या.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे चवथीला देवाच्या डोक्यावर माटोळी टांगतात. लाकडी चौकट, तिला असोले नारळ, सुपारीची शिपटी, केळ्यांचा घड, चिबूड, तोरिंजन, रानातली कवंडळं, कांगण्या असं जे जे त्या ऋतूत पिकतं ते सगळं बांधायचं. दोन माणसांना उचलत नाही इतकी ती जड होते. ती पेलायला छपराच्या तुळयांना चार लोखंडी कड्या ठोकलेल्या असतात. माझ्या पणजोबांच्या वेळच्या कड्या होत्या त्या. वर्षातले दीडदोन आठवडे त्यांना काम, उरलेलं वर्ष त्या धुरानं काळ्या होऊन तुळयांच्याच रंगाच्या झालेल्या असतात. वर पाहिलं तरी दिसत नाहीत. मी जन्मभर त्यांच्याखाली जेवलो होतो.

पंधरा ऑगस्टचं झेंडावंदन उरकून मी गावी आलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्टुलावर चढलो. सकाळपासून भरमूनं मला तीनदा सुधारलं होतं. रीप वाकडी चाललीय मास्तर. खिळा लांब घ्या मास्तर. आधी मधलं फळकूट मारा, मग कडेचं. तिन्ही वेळा त्याचंच बरोबर होतं, त्यामुळे माझं डोकं तापलं होतं. तेवढ्यात त्यानं मान वर करून विचारलं, "मास्तर, त्या कड्या हाईत न्हवं, त्या कशाच्या? भाईर काडूया, का झाकायच्या?"

मी म्हणालो, "तुझं काम खाली. वर बघायचं काम माझं."

त्यानं पुढची रीप वर दिली. वहिनी चहा घेऊन आली, आम्ही चहा प्यालो. मी फळी उचलली, पहिली मारली, दुसरी मारली. मला कड्या ठाऊक होत्या की नव्हत्या? ठाऊक होत्या. मग भोकं पाडू, असं काहीतरी मनात आलं असावं आणि रागात निघून गेलं असावं. की मनात आलंच नाही? इतकी वर्षं मी हे स्वतःला विचारत आलो आहे आणि दर वेळी मला सोयीचं उत्तर मिळतं. संध्याकाळपर्यंत चारी फळ्या चढल्या. मग दोन हात पांढरा रंग दिला. खोली एकदम उजळली. दादा दारात उभा राहून बराच वेळ वर बघत राहिला आणि म्हणाला, "शाबास." दादाच्या तोंडून तो शब्द मी त्याआधी ऐकला नव्हता.

पुढच्या आठवड्यात वाड्यावरची माणसं सीलिंग बघून गेली. पुंडलीककाकांच्या मुलीचं लग्न मार्गशीर्षात होतं. त्यांना रांधायची खोली नवी करायची होती, पुढे मांडवाचा कट्टा बांधायचा होता. मी शब्द टाकला. ते भरमूला म्हणाले, "चवथ जातकच सुरू कर रे." भरमू हसत हसत बागेकडे गेला. लक्ष्मीनं त्या दिवशी वहिनीला खोपीसमोर वाल पेरायचं विचारलं. वाल निघायला महिने लागतात. म्हणजे राहायचं ठरलं होतं.

तयेचा दिवस, म्हणजे चवथीच्या आदला दिवस. सकाळी दहाचा सुमार, बाहेर श्रावणानंतरचं ते धुतलेलं ऊन. चुलतभाऊ, त्यांची मुलं, पुंडलीककाका, मिळून चौदापंधरा माणसं मधल्या खोलीत. माटोळी बांधून खाली तयार. भरमू आणि लक्ष्मीही आली होती. वहिनीनं सांगितलं म्हणून दोघांनी डोंगरावर फिरून पाटीभर कवंडळं आणली होती, लालभडक. माटोळी म्हणजे काय ते त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, म्हणून बघायला दारात थांबली होती.

दादा काथ्याची दोरी खांद्यावर टाकून स्टुलावर चढला आणि त्यानं हात वर केला. हात प्लायवूडला लागला. त्यानं दुसरीकडे हात फिरवला. मग खाली पाहून म्हणाला, "बाळू, कड्यो खंय?"

देव उद्या येणार, आणि त्याच्या डोक्यावर माटोळी टांगायला जागा नाही. पिढ्यान् पिढ्यांत आमच्या घरात असं झालं नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते. शाबास म्हणणारा दादा बघत होता. तोंड उघडायला मला जेवढा वेळ लागला तेवढ्यात मी खरं बोलू शकलो असतो. तेवढा वेळ नक्की होता.

"भरमून धांपल्यो," मी म्हणालो. "कड्यो दवर म्हणून हांवें तेका सांगिल्लें."

ज्या तीन गोष्टी त्यानं केल्या त्या मी माझ्या म्हटल्या होत्या. जी एक मी केली, कड्या झाकायची, ती मी त्याची म्हटली.

भरमूनं माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. रागही नव्हता, मला वाटलं होतं तसं काहीच नव्हतं. मग त्यानं पाटी खाली ठेवली, चपला काढल्या आणि दादाला म्हणाला, "जरा खाली या. करवत द्या एक." तो स्टुलावर चढला. भिंतीपासून वितीनं मोजलं, बोटाच्या पेरानं फळीवर टकटक केली आणि खिळ्यानं एक चौकोन ओढला. कापला. चौकोन निघाला आणि आत, बरोबर मधोमध, कडी. मग दुसरी, तिसरी, चौथी. एकही चौकोन दोनदा कापावा लागला नाही. भुसा त्याच्या डोळ्यांत जात होता. अर्ध्या तासात माटोळी वर गेली.

पुंडलीककाका सुपारी कातरता कातरता म्हणाले, "घाट्याक चवथ कितें खबर!"

सगळे हसले. मीही हसलो.

चवथीनंतर भरमू कामाचं विचारायला गेला तेव्हा काका म्हणाले, फुडें पळोवया, पुढे बघू. लग्नाच्या घरात देवाच्या कामाला अडथळा आणणाऱ्याचा हात लावून घ्यायचा नाही, असं काकूंनी वहिनीला सांगितलं. मग दुसऱ्या घरीही फुडें पळोवया. मला हे शनिवारी कळायचं आणि सोमवारी मी बसमध्ये बसायचो. त्यांनी आणखी तीन आठवडे वाट पाहिली. एका शनिवारी मी आलो तर खोप रिकामी होती, आतून झाडलेली. माझी थापी आणि रंधा धुऊन दाराशी ठेवलेला होता. मला काय वाटलं ते लिहितो. सुटलो, असं वाटलं.

दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात म्हापशाच्या बसस्टँडवर लक्ष्मी दिसली. लुगड्याच्या काठाला लाल धूळ होती, आणि ती दिसायच्या आधी मला खोकला ऐकू आला होता. मी वर्तमानपत्र उघडून तोंडासमोर धरलं. ते शिकलेल्या माणसाचं झाड. मागे लपता येतं. पण तिनं मला आधीच पाहिलं होतं. ती जवळ आली, पदर सावरला आणि म्हणाली, "मास्तर, बरं हाय न्हवं? वैनीबाई बऱ्या हाईत?"

मी हो म्हणालो. ते दोघं परत शिरगावला असतात, असं तिनं सांगितलं. मग बस लागली म्हणून ती निघाली, थोडी गेली आणि मागे आली.

"मास्तर, ह्यांच्या हातनं देवाच्या कामात चूक झाली म्हणत्यात. लई जिवाला लावून घेतलंय. तुमी तेवडं मनात धरू नगा."

तेव्हा तरी. आम्ही दोघंच होतो, दादा नव्हता, वाडा नव्हता, कुणासमोर तोंड लपवायचं नव्हतं. एक वाक्य पुरलं असतं. मी मान हलवली आणि समजूतदार आवाजात, वर्गात कान पकडून उभ्या केलेल्या मुलाला म्हणावं तसं म्हणालो, "नाही गं, मी कशाला मनात धरू?"

मी तिला क्षमा केली. तिचं तोंड उजळलं. ती शिरगावच्या बसमध्ये चढली आणि खिडकीतून मला हात केला.

त्यानंतर मला ती दोघं दिसली नाहीत. मी शोधली असं म्हणत नाही. शिरगाव डिचोलीहून काही लांब नाही. तिथल्या जत्रेला मी दर वर्षी जायचो, खाणीच्या वस्तीच्या बाजूनं मात्र गेलो नाही. शाळेत मुलांना सत्य बोलण्यावर निबंध घालायचो. चांगल्या निबंधांना चांगले गुण द्यायचो. बायकोला घर दाखवायला नेलं तेव्हा तिनं सीलिंगमधले चौकोन पाहून विचारलं, ही भोकं कसली? मी म्हणालो, मुद्दाम ठेवलीत, माटोळीसाठी. तिला ती युक्ती फार आवडली. गावात आता इतरांनीही प्लायवूडची सीलिंगं केली आहेत आणि सगळ्यांनी तसे चार चौकोन ठेवले आहेत. बाळूमास्तरनं काढलेली पद्धत म्हणतात तिला.

गेल्या चवथीला मी निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. दादा आता खुर्चीत बसून हुकूम सोडतो. तयेच्या सकाळी, सगळे नको नको म्हणत असताना, दोरी ओवायला मी स्टुलावर चढलो. का चढलो ठाऊक नाही. गुडघे बरे नाहीत माझे. खाली तीच खोली, दहाबारा माणसं. काही जुनी, काही तेव्हा जन्मली नव्हती ती. दोरी पहिल्या कडीतून ओवली, आणि मग मला पुढे करवेना. मी तसाच उभा राहिलो आणि म्हणालो की ह्या कड्या भरमूनं झाकल्या नव्हत्या. त्यानं मला विचारलं होतं. मीच त्याला गप्प केलं, मीच झाकल्या आणि नाव त्याचं घेतलं. जमीन, न्हाणी, सोप्याचा कट्टा, हे सगळं त्याचं. माझं ह्या घरात एवढं सीलिंग आहे.

मी वाट पाहत होतो. कुणीतरी छी म्हणेल, दादा उठून जाईल, बायको रडेल. बायकोनं तोंडावर पदर धरला होता खरा. पण जुन्या माणसांपैकी एकाचाही चेहरा बदलला नाही. चुलतभाऊ शिपट्याची गाठ मारत होता, त्यानं ती पुरी मारली.

वहिनी नारळ किसता किसता म्हणाली, "भावजी, हांव तेन्ना च्या घेवन दारांत उबी आशिल्लीं. तुमी तेका कितें म्हणलें तें आयकलां हांवें."

"आनी तूं?" मी दादाला विचारलं.

"आमकां सगळ्यांक खबर आशिल्लें रे," दादा म्हणाला. अगदी मायेनं म्हणाला. "तो येवन बरोबर कडयेर कापता, तेन्नाच कळ्ळें. तेणें वयर पळयिल्लें. तुवें पळोवंक नाशिल्लें."

"मग बोल्ले ना कित्याक?"

दादाला प्रश्नच कळला नाही. त्यानं वहिनीकडे पाहिलं, मग परत माझ्याकडे. "तूं आमचो न्हय रे?" तो म्हणाला. "तो भायलो. बांद ती दोरी, उशीर जाता."

इतकी वर्षं मला वाटत होतं की मी ही चोरी कुणाच्या नकळत केली. मला माझीच काय ती लाज होती, आणि त्या लाजेलाही मी थोडा जपून होतो, आपल्याला निदान लाज तरी वाटते म्हणून. मी दुसऱ्या चौकोनात हात घातला. खाली सगळे मान वर करून माझ्याकडे बघत होते. स्टुलावर उभ्या असलेल्या माणसाला खालचा एकेक चेहरा स्वच्छ दिसतो, हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं. भरमू अर्धा तास इथंच उभा होता.